खुर्चीखालची वायर

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. आहे म्हणतो खरा, पण आतून केव्हाच जळून गेलोय. भिवंडीतल्या एका घराच्या माळ्यावर माझा मुक्काम आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी लग्नाच्या मांडवांत खूप गाजलो. मग मला फखरुद्दीनचाचांनी घरी आणलं. चाचा पस्तीस वर्षं लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, मिस्त्री होते. त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी कपाटात टाकलं. शेवटी त्यांच्या मुलीने, बुशराने, युक्ती काढली. चाचांच्या आरामखुर्चीशेजारी, अगदी कानाजवळ, स्पीकर ठेवला आणि माईक दिला आईच्या, रशिदाचाचींच्या हातात.

तेव्हापासून नवराबायको माझ्यातून बोलू लागले. चाची माईकवर भाजी विचारायच्या आणि अख्ख्या गल्लीला जेवणाचा बेत कळायचा. लोक हसायचे. मला मात्र मांडवातल्या गाण्यांपेक्षा हे काम जास्त आवडलं. चाचींचा आवाज कानी पडला की चाचांचा चेहरा कसा खुलायचा, ते मी रोज पाहत होतो.

पुढे माझा फ्यूज उडू लागला. नवा घालावा, दोन दिवस चालावं, पुन्हा ठप्प. जवळच्या शेलार गावातल्या कल्पेश मेकॅनिकने मला दुकानात नेलं, स्वतःचा स्पीकर लावला आणि दिवसभर वाजवलं. मी नीट वाजलो. घरी आलो आणि संध्याकाळी फ्यूज उडाला. असं तीनदा झालं. कल्पेश वैतागला, मला नाही नाही ते बोलला.

दोष माझ्यात नव्हताच. स्पीकरची वायर आरामखुर्चीखालून गेली होती. खुर्चीच्या पायाखाली तिचं आवरण घासून गेलं होतं. चाचा खूश होऊन मागे रेलले की आतल्या उघड्या तारा एकमेकींना चिकटायच्या. मला दुकानात नेताना ती वायर कोणी नेलीच नाही. मला सारं कळत होतं, पण मला कुठे स्वतःचा आवाज आहे? फ्यूज उडवणं एवढंच माझ्या हातात होतं.

चाचांनी मग कारखान्यातला जुना इलाज केला. तिथे शिफ्टमध्ये फ्यूज गेला की मिस्त्री जाड तार बांधून मोकळे होतात, कारण लूम थांबून चालत नाही. चाचांनी माझ्या फ्यूजवर तशीच तांब्याची तार गुंडाळली. "आता बघू कसा उडतो," ते म्हणाले. बुशराने हाताने नको नको केलं, पण लूमच्या मिस्त्रीला कोण शिकवणार?

त्याच दिवशी चाचींनी दुपारीच खिडक्या लावून घेतल्या. गल्लीला ऐकू जाऊ नये असं काहीतरी त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. बुशराला हे ठाऊक होतं. चाचांना नव्हतं. कागदावर लिहून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"ऐकताय ना? आज जरा माझं ऐका," चाची माईकवर म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी आवाज आला म्हणून चाचा हसले आणि समाधानाने मागे रेलले. तारा चिकटल्या. या वेळी फ्यूज उडाला नाही. माझा ट्रान्सफॉर्मर जळला आणि खोलीभर धूर झाला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्यापेक्षा चाचींचं वाईट वाटलं. त्यांनी माईक हळूच खाली ठेवला.

कल्पेश म्हणाला, यात आता काही उरलेलं नाही. चाचींनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि बुशरालाही शपथ घातली.

फ्यूज उडाला की मित्रांनो, आमच्यावर चिडू नका. जाड तार बांधून आमचं तोंड बंद करू नका. आधी वायर बघा, खुर्ची सरकवून बघा. आमचं सांगणं फक्त तेवढंच असतं.

काल ऑपरेशनसाठी चाचींची बॅग भरून झाली, ते मी माळ्यावरून पाहिलं. चाचांना वाटतंय, त्या माहेरी चालल्यात. त्यांनी बुशराला जवळ बोलावलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "तुझी अम्मी हल्ली माझ्याशी बोलत न्हाय. रुसली हाय काय?"

चाची समोरच उभ्या होत्या. त्या हसल्या आणि त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.