उलटे बसवलेले ब्रेक

पारदर्शक नळीत आलेला बुडबुडा मोहरीच्या दाण्याएवढा होता. त्याच्यामागून ब्रेक ऑइल सलग, फिकट पिवळं येत राहिलं. मग टाचणीच्या डोक्याएवढा आणखी एक बुडबुडा आला, आणि नंतर काहीच नाही. लागोपाठ तीन वेळा काही आलं नाही, तेव्हा तिने ब्रेकमधली हवा सोडायचा छोटा निपल पान्याने आवळला.

"सोडा, आई."

"सोडलं," गाडीतून सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून दाब नि सोड, दाब नि सोड. या वयात शिलाई मशीनवर बसवलंस मला."

"ही चौथी बाजू. संपलं. आता दाबून सांगा, कडक लागतंय?"

"कडक? उशीवर पाय दिल्यासारखं वाटतंय."

ती टाचांवर बसून राहिली. बुटकी, दोनच माणसांची, रंग उडालेली ती जुनी स्पोर्ट्स कार चारही चाकं काढून आधारांवर उभी होती. अकरा वाजता धाकटा दीर गिऱ्हाईक घेऊन येणार होता. नवरा गेल्याला दोन वर्षं झाली. "वहिनी, गाडीचं काय ते ठरवा," असं दीर दर महिन्याला म्हणे आणि ती दर महिन्याला "बघू" म्हणे. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच ठरवून टाकलं. "तुमच्या 'बघू'पायी गाडी सडेल. ब्रेक तेवढे दाखवण्यापुरते करून घ्या कुणाकडून तरी."

"मी करते," ती म्हणाली होती.

"तुम्ही? त्या फाटकाला विचारलंत का?"

फाटकाची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. आठ वर्षांपूर्वी तिने ही गाडी पहिल्यांदा चालवली, ब्रेक दाबला, पाय थेट तळाला गेला आणि गाडी जाऊन फाटकावर आदळली. "दोनदा पंप केला की लागतो," नवरा म्हणाला होता. "हात बसावा लागतो. तुझ्याच्याने नाही व्हायचं." तिने पुन्हा गाडीला हात लावला नाही. लायसन्सचं नूतनीकरण मात्र मुदतीच्या आत करत राहिली. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

हवा अजून आत होती, एवढं नक्की. मग बाहेर का येत नव्हती?

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. सिरिंजमधली हवा घालवायची तर सुईचं टोक वर धरायचं, टिचकी मारायची. बुडबुडा चढतो आणि तोंडाशी येतो. सुई खाली धरून कितीही दाबा, औषध जाईल, हवा राहील.

तिने वाकून पुढच्या चाकाच्या जागी पाहिलं. लोखंडी चकतीला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचा निपल खालच्या अंगाला होता. दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही खाली. मागचे दोन्ही मात्र वर होते.

"काय गं, का गप्प झालीस?"

"पुढचे दोन्ही ब्रेक उलटे बसलेत, आई. उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. हवा वर अडकते आणि निपल खाली."

"कोणी बसवले असे?"

तिला तो रविवार आठवला. नवऱ्याने दोन्ही ब्रेक साफ करायला काढले होते. "एकाला खुणेचा दोरा बांधू का?" तिने विचारलं होतं. "मला कळतं," तो म्हणाला होता. फाटकाची गोष्ट त्याच्या पुढच्याच रविवारची.

"बोल की. गेलेला माणूस रागवायला येत नाही."

"तुमच्या मुलाने."

सासूबाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "लहानपणी चपलासुद्धा उलट्या घालायचा," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर मलाच म्हणायचा, तुझे डोळे उलटे." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे तेव्हा तू ब्रेक..."

"दाबला होता. वेळेवर दाबला होता."

"आणि आठ वर्षं ऐकून घेतलंस?"

"मलाच वाटत होतं माझं चुकलं."

"मग आता बघत काय बसलीस? काढ ते. मला इथून बाहेर यायचं तर क्रेन लागेल, मी बसलेय."

तिने बोल्ट काढले, नळ्या सोडवल्या, दोन्ही ब्रेक आपापल्या बाजूला नेले. आवळताना प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. ब्रेक ऑइलच्या डबीत नवं ऑइल भरलं आणि पुन्हा सुरुवात केली. पुढच्या चाकाचा निपल उघडताच नळी फुरफुरली. द्राक्षाएवढे बुडबुडे, मग फेस, मग पुन्हा बुडबुडे. आठ वर्षांची कोंडलेली हवा नळीच्या टोकाच्या बाटलीत बुडबुडत राहिली. मग नळी स्वच्छ झाली.

"दाबा."

"अगं बाई! दगड लागला पायाला!"

चाकं चढवून, गाडी आधारांवरून उतरवून तिने सासूबाईंना कसंबसं शेजारच्या सीटवर सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. अंगणातल्या अंगणात गाडी चार वेळा पुढे-मागे केली. चारही वेळा मनाशी ठरवलेल्या फरशीवर थांबवली. एकदाही पंप करावा लागला नाही.

अकराला दीर आला. मागे गिऱ्हाईक, उंच, गॉगल डोक्यावर चढवलेला.

"अरे वा, आईसुद्धा आत!" दीर म्हणाला. "कुणाला बोलावलंत वहिनी? काम चोख दिसतंय."

"हिनेच केलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या दादाने काय करून ठेवलं होतं ते मी सांगते तुला, पण निवांत."

"बरं, ते नंतर. उतरा दोघी. हे एक चक्कर मारून बघतील." त्याने खिडकीतून हात पुढे केला. "चावी द्या."

इंजिन चालू होतं. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बघू" हा शब्द सवयीने तिच्या ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला.

"गाडी विकायची नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी चालवणार आहे."