मास्तरांचा खर्ज

तुम्ही एपिग्मेनिओ मास्तरांना अडाणी ठरवलंत. स्पर्धेच्या मंडपात परीक्षकाच्या खुर्चीत बसून, डोंगरातल्या सगळ्या बँडांसमोर. त्यांच्या मिरवणुकीच्या चालीतला शेवटचा सूर लाल शाईनं खोडलात आणि वर हसलात, "हा सूर ट्यूबात नसतोच. लिहिणाऱ्याला वाद्य कळत नाही."

ट्यूबा, बँडातला सगळ्यात मोठा पितळी भोंगा, तो वाजवणाऱ्या एलेउतेरियाच्या मांडीवर होता. तिचे कान तापले, कारण सूर खरंच निघत नव्हता. हवेची वाट लांबवून सूर उतरवणारे तिन्ही व्हॉल्व्ह दाबले की गावाचा ट्यूबा जिथं थांबे, त्याच्या एक पायरी खाली मास्तरांनी तो लिहिला होता. आयुष्यभर फक्त मनात ऐकलेला.

ओआहाका शहरातून परतताना घाटात ती म्हणाली, "मास्तर, एक पायरी वर घेतला असता तर?"

"गाणं खालीच संपतं, पोरी. भोंगा आखूड आहे, त्याला मी काय करू?"

मग भोंगाच लांब करायचा, तिनं ठरवलं. चौथा व्हॉल्व्ह बसवायचा आणि म्हातारा आहे तोवर हा सूर त्याच्या कानावर घालायचा.

पण ट्यूबा गावाचा. त्याला करवत लावायची तर गावसभेनं हो म्हणायला हवं. सभेत फिलेमोनकाका उठले. "उद्या गावाच्या बैलालाही जादा पाय लावाल."

"काका, आजवर तीन पायांवरच चालवलाय त्याला."

सभा खदखदली. हात वर झाले. काकांचाही झाला, कुरकुरत.

कापाकापी तिच्या बहिणीच्या नवऱ्याची. नाबोर ट्रकचे रेडिएटर झाळायचा आणि गावभर त्याच्याच बढाया मारायचा. दरीत पडून चेपलेल्या एका भोंग्यातला व्हॉल्व्ह आणि लांब नळी काढून त्यानं ट्यूबाला डाव्या हाताशी जोडली.

"भावोजी, गळणार नाही ना?"

"पाणी भरून तपासलाय. थेंब सुटला तर मिशी काढीन."

रविवारी चर्चपुढच्या चौकात बँड जमला. एलेउतेरियानं पहिला आणि चौथा व्हॉल्व्ह दाबून फुंकर घातली. ट्यूबा उकळत्या हंड्यासारखा गुडगुडला.

"भावोजी, पाणी काढलं होतंत का?"

"तपासायचं ठरलं होतं. काढायचं कोण बोललं?"

ट्यूबा उलटा केला. सगळं पाणी फिलेमोनकाकांच्या चपलांवर. "घ्या, बैल मुतला," काकाच म्हणाले, आणि मास्तरांना हसता हसता ठसका लागला.

तिनं पुन्हा फुंकलं. सूर आला. बाकं थरथरली, मेझकाल दारूचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. मास्तर डोळे मिटून उभे.

"जरा चढा आहे," ते म्हणाले.

तिनं नळी बोटभर बाहेर ओढली.

"आता सगळे. पहिल्यापासून."

चाल संपत आली आणि मास्तरांचा हात वरच राहिला. एलेउतेरियानं तो खर्ज छातीत हवा होती तोवर धरला. हात हळूच खाली आला. मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं.

"अस्साच होता," ते म्हणाले. "परत वाजवा."

आंबवलेल्या अननसाच्या तेपाचेचा माठ रिकामा होईपर्यंत गावानं ती चाल वाजवून घेतली. नाबोर नाचला, काका ओल्या चपलांनी नाचले.

आता सणाला हीच चाल वाजणार आहे. पहिल्या बाकावर तुमची जागा धरलीय. मंडपात सगळ्यांदेखत खोडलेला सूर चौकात सगळ्यांदेखत परत लिहून देणार की नाही? मास्तर वाट बघत बसलेत. बोला.