एका खुर्चीच्या दोन पावत्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कचेरीत टेबलाखाली पाय लांब केले की ज्याला बूट लागतो आणि ज्याला कुणी सॉरीसुद्धा म्हणत नाही, तो मीच. सवय झाली आहे मला.

माझं काम सांगतो. आमच्या कचेरीतली माणसं एका दवाखान्याची वेबसाइट सांभाळतात. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, त्यांना ठरावीक दिवशी यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. त्या यंत्रापाशी बसायची खुर्ची वेबसाइटवरून आधी राखून ठेवायची असते. वेबसाइटमध्ये काही बदल झाला, की तो लोकांपर्यंत जाण्याआधी मी खोटा रुग्ण होतो आणि सगळी वाट चालून बघतो. लॉगिन करतो, तारीख निवडतो, खुर्ची निवडतो, बटण दाबतो, पावती येते का ते पाहतो. सगळं सुरळीत असलं तर पडद्यावर हिरवं, कुठे अडलं तर लाल. लाल का झालं, हे मला कळत नाही. ते माणसांनी शोधायचं. मला जन्मात कधी शिंक आली नाही, पण दवाखान्याच्या पायऱ्या माझ्याइतक्या कुणी झिजवल्या नसतील.

मला हे शिकवलं ताईंनी. त्या इथे चाचणीचं काम करतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. काम करून घ्यायचं असलं की नातं आपोआप जवळचं निघतं. मी नवा होतो तेव्हा साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. पडद्यावर माऊस आपोआप फिरताना पाहून पाहुणे हरखून जात आणि साहेब असे हसत, जणू तो त्यांनीच फिरवला होता.

मग वर्षं गेली. वेबसाइट वाढत गेली, मी होतो तेवढाच राहिलो. माझा पंखा घुरघुरू लागला, पानं उघडायला वेळ लागू लागला. आणि कचेरीत एक रीत पडली. लाल आलं, की कारण शोधायचं नाही, पुन्हा चालवायचं. तरी लाल आलं, तर चहा घेऊन यायचं आणि पुन्हा चालवायचं. एकदाचं हिरवं आलं, की आधीचं सगळं लाल माफ. या रीतीचा मूळ पुरुष म्हणजे आमचे प्रोग्रॅमर होईलराव. काहीही विचारा, ते 'होईल' म्हणतात. कधी होईल, हे मात्र विचारायचं नाही. मनाने वाईट नाहीत ते. घाई त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते, एवढंच.

माझ्या चाचण्यांत एक चाचणी ताईंनी फार जपून लिहिली होती. तिच्यात मी एकाच वेळी दोन रुग्ण व्हायचं आणि दोघांनी एकच खुर्ची मागायची. एकाला पावती मिळाली पाहिजे, दुसऱ्याला नकार. ही चाचणी कधी हिरवी यायची, कधी लाल. ताई म्हणायच्या, हिच्याकडे एकदा नीट बघायला हवं. साहेब म्हणायचे, अहो ताई, मशीन म्हातारं झालंय, त्याला एकाचे दोन दिसतात. यावर सगळे हसायचे. म्हाताऱ्यावर केलेला विनोद कचेरीत सहसा वाया जात नाही.

शेवटी नवीन संगणक आला. चपळ, गुपचूप काम करणारा. त्याच्यावर ती चाचणी प्रत्येक वेळी हिरवी आली. साहेबांनी ताईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मला कपाटामागे ठेवलं आणि माझ्यावर कुणीतरी जुन्या छत्र्या टाकल्या.

मित्रांनो, ताईंच्या वडिलांनाही त्या खुर्चीची गरज होती. आपल्या जुन्या फोनवरून ते स्वतःच ती राखायचे. लेकीने मदत करू म्हटलं तर म्हणायचे, तुझी वेबसाइट आहे ना, मग मला जमलीच पाहिजे. एका सकाळी ते पावती घेऊन दवाखान्यात गेले, तर त्यांच्या खुर्चीवर एक बाई आधीच बसलेल्या, हातात सुया टोचलेल्या. त्यांच्याकडेही त्याच खुर्चीची, त्याच वेळेची पावती होती. बाकीच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. बाबा नर्सला म्हणाले, राहू द्या, त्यांना नका उठवू. आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारपर्यंत त्यांचे पाय सुजले, बोलताना धाप लागू लागली. ताई त्यांना घेऊन वणवण फिरल्या, तेव्हा कुठे संध्याकाळी दुसऱ्या दवाखान्यात जागा मिळाली. थोडक्यात निभावलं.

बाबांना बरं वाटल्यावर ताई कचेरीत आल्या. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी छत्र्या बाजूला केल्या, मला बाहेर ओढलं, रुमालाने पुसलं आणि तीच चाचणी लावली. मी आळोखेपिळोखे देत चाललो. हिरवं आलं. ताईंनी पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवं.

होईलराव मागे येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, "हिरवं आहे की, ताई."

"इतके दिवस हिरवं येईपर्यंत चालवत होतो ना?" ताई म्हणाल्या. "आज लाल येईपर्यंत चालवू."

होईलराव खुर्ची ओढून शेजारी बसले. मी थकलो होतो, पंखा रडकुंडीला आला होता, तरी चालत राहिलो. आणि मग लाल आलं. होईलरावांचा हात सवयीने 'पुन्हा चालवा'च्या बटणाकडे गेला. ताईंनी तो मनगटापाशी धरला. माझ्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. दोन रुग्ण, एक खुर्ची, दोन पावत्या.

होईलरावांनी दोन्ही खिडक्या ताडून पाहिल्या आणि त्यांना कारण सापडलं. नवीन संगणकावर पहिला रुग्ण खुर्ची घेऊन मोकळा व्हायचा, तेव्हा दुसऱ्याला ती रिकामी दिसायचीच नाही. माझ्यावर कधीकधी दोघेही रखडायचे, दोघांनाही ती रिकामी दिसायची, दोघेही बटण दाबायचे. आणि वेबसाइट पावती देण्याआधी पुन्हा बघतच नव्हती, की खुर्ची अजून रिकामी आहे का.

"मशीन हळू आहे, म्हणून दिसतंय हे," ते पुटपुटले.

"बाबांचा फोनही हळूच आहे," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी होईलराव 'होईल' म्हणाले नाहीत. दुरुस्ती संपेपर्यंत जागेवरून हलले नाहीत. नंतर बैठकीत साहेबांनी आपल्या कडक तपासणीबद्दल सर्वांचे आभार मानले. त्यांत नवीन संगणकाचं नाव होतं, माझं नव्हतं. असू द्या. मी परत टेबलाखाली आहे, परत बूट लागतात. ताईंनी साहेबांना बजावून ठेवलंय, की वेबसाइट आधी माझ्यावर चालली पाहिजे, मग त्या चपळावर. म्हणजे निवृत्तीही गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस तीच ती तक्रार सांगत असेल. आज सांगेल, उद्या विसरेल, परवा पुन्हा सांगेल. त्याच्यावर हसण्याआधी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा. त्याचं खरंच काही दुखत असेल.

परवा मी पुन्हा लाल झालो. होईलरावांचा हात बटणाकडे गेला, वाटेत थांबला आणि मागे आला. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. तेवढा वेळ मी नुसता बसून होतो. किती दिवसांनी बरं वाटलं.