गिरजाबाईच्या थाळीवरची राख

मी भिलाईतल्या कोहक्याच्या गिरजाबाईची स्टीलची थाळी. रोज घासली जाते, रोज फळीवर उभी राहते. थाळीनं बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण एका शाळेनं मला स्वच्छतेचा नमुना म्हणून पाहुण्यांपुढे मांडलं, तेव्हापासून मनात जो राग साचला आहे तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

लोकांना वाटतं, भिलाईची थाळी म्हणजे भिलाईच्या कारखान्यातच जन्मली असणार. तसं नाही. तिथं रेल्वेचे रूळ तयार होतात. थाळ्या-वाट्या कुठून तरी लांबून येतात. मी एका भांडेवालीच्या टोपलीतून आले. गिरजाबाईचा नवरा जानराव मेश्राम भिलाई-३ ला रेल्वेत कामाला होता. त्याच्या जुन्या पँटी देऊन गिरजाबाईनं मला घेतलं.

भांडेवालीनं पँट उजेडाकडे धरली. "बाई, गुडघ्यातून तं उजेड दिसून राहिला."

"मंग उजेडाचे जास्त लाव," गिरजाबाई म्हणाली.

दोघी हसल्या आणि सौदा झाला. मग गिरजाबाईनं माझ्या काठावर पूर्ण नाव कोरून घेतलं : गिरजाबाई जानराव मेश्राम. जानराव त्याच थाळीत जेवायचा आणि म्हणायचा, "कमावतो मी अन् नाव तुह्यं."

गिरजाबाई कोहळ्याच्या वड्या आणि पापड करायची, छतावर वाळवायची आणि कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरांमध्ये नेऊन विकायची. तिथल्या काही बाया आडनाव ऐकलं की जरा थांबत आणि विचारत, "भांडी कशानं घासता हो तुम्ही?" गिरजाबाई "राखेनं" एवढंच सांगायची. घरी आली की मात्र मला इतकं घासायची, की माझ्यात तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसायचं. लोकांच्या त्या एका प्रश्नापायी एका बाईचे हात जन्मभर झिजतात, याचा मला फार संताप येतो.

तर राख मला परकी नाही. चुलीची राख करड्या रंगाची, मऊ असते. तिनं अंग उजळतं. पण आमच्या गल्लीमागे भैय्याजींची उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल सुरू झाली आणि मला दुसरी राख कळली. तिथला बॉयलर धानाच्या भुशावर चालायचा. त्याच्या धुराड्यातून जळक्या भुशाचे काळे कण उडायचे, पिसासारखे हलके. ते गिरजाबाईच्या ओल्या वड्यांवर बसायचे आणि वाळताना आत रुतायचे. सेक्टरमधल्या बाया वड्या परत करू लागल्या. "यात काय आहे हे, मुंग्या?" असं विचारू लागल्या. त्या वड्यांवर घरातलं तेल-मीठ चालायचं.

गिरजाबाई मिलवर गेली. तिथला मुनीम खुर्चीतून न उठता म्हणाला, "अरे बाई, तुमच्याच घरच्या चुली पेटतात ना? त्याचीच राख असेल."

गिरजाबाई तशीच घरी परतली. चूल तर घरोघरी होतीच.

तिची मुलगी रंभा आठवीत होती. त्या हिवाळ्यात तिच्या शाळेनं पर्यावरण मेळावा ठरवला. विज्ञान शिकवायला वच्छला बहनजी होत्या, वर्ध्याकडच्या. बोलायला हळू, पण मनानं पक्क्या. त्यांनी पोरांना सांगितलं, "झाडाचं चित्र सगळेच काढतात. तुम्ही तुमच्या घरावर काय पडतं ते आणून दाखवा. थाळीला तेलाचा हात फिरवा आणि छतावर ठेवा. एकदा मिल बंद असताना, एकदा चालू असताना."

रंभानं मलाच उचललं. संध्याकाळी जानराव जेवायला बसला तर थाळी नाही.

"माही थाळी कुठं गेली?"

"शाळेत शिकून राहिली ते," गिरजाबाई म्हणाली. "आज परातीत जेवा."

"पोरगी शिकते तं शिकते, आता भांडे बी शिकू लागले," जानराव म्हणाला, आणि परात पुढं ओढून जेवला.

मिल बंद होती त्या दिवशी मी दिवसभर छतावर पडून राहिले. खाली आमची चूल पेटली, शेजारच्या पेटल्या, भाकरी झाल्या. संध्याकाळी रंभानं मला उतरवलं तेव्हा माझ्यावर एक चिमणीचं पीस होतं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बॉयलर लागला. सूर्य डोक्यावर यायच्या आत मी काळी झाले. काठावरचं नाव झाकलं गेलं.

रंभा मला दोन्ही हातांत धरून जिना उतरली. "आई, पाह्य. काल बी चुली होत्या, आज बी होत्या."

गिरजाबाईनं मला उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "आता मुनीम काय म्हनते ते पाहू."

बहनजींनी बजावलं होतं, मेळाव्यापर्यंत थाळी धुवायची नाही. रंभानं मला टोपल्याखाली झाकून शाळेत नेऊन ठेवलं.

पण मेळाव्याचे प्रमुख पाहुणे होते भैय्याजी. शाळेच्या वऱ्हांड्यावरचे पत्रे त्यांनीच दिले होते. मुख्याध्यापक श्यामराव गुरुजींनी टोपलं उचललं, मला पाहिलं आणि घाबरले. मात्र त्यांनी मला स्वतः धुतलं नाही. पोरांनाही धुवायला लावलं नाही. तसं केलं असतं तर बहनजींनी त्यांनाच जाब विचारला असता. त्यांनी गिरजाबाईला बोलावून घेतलं.

"गिरजाबाई, हे तुमचंच नाव ना?" बोटानं काठावरची राख खरवडत ते म्हणाले. "उद्या सेक्टरमधून साहेबलोकांच्या बायका येणार. त्या हे नाव वाचतील. आडनावही वाचतील. लोक तुमच्याबद्दल आधीच काय काय बोलतात, ते तुम्हाला माहीत आहे. बघा बुवा. मला आपलं तुमच्याचसाठी वाटलं."

मी ओरडू शकत असते तर त्या खोलीतच ओरडले असते. ज्या घाणेरड्या प्रश्नानं ही बाई जन्मभर पोळली, तोच प्रश्न या शिकलेल्या माणसानं काळजीच्या सुरात तिच्या पुढ्यात ठेवला. गिरजाबाईची मान खाली गेली. तिनं मला पदराखाली घेतलं आणि घरी येऊन घासलं.  मी लखलखीत झाले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रंभा घरी आली आणि बघतच राहिली.

"आई, कावून धुतली?"

"माह्यं नाव हाय तिच्यावर."

"म्हनून तं ठेवाची होती."

"तुले नाही समजत, रंभा. लोक थाळी पाह्यत नाही, आपल्याले पाह्यते."

रंभा त्या दिवशी जेवली नाही.

मेळाव्याच्या दिवशी श्यामराव गुरुजींनी मला घरून मागवून घेतलं आणि मैदानातल्या टेबलावर ठेवलं. माझ्यात झेंडूची फुलं घातली आणि पुढे पाटी लावली, 'स्वच्छ घर, स्वच्छ परिसर'. बहनजी ती पाटी वाचून पांढऱ्या पडल्या. भाषणं सुरू झाली तशी रंभा टेबलाशी आली. तिनं फुलं काढून बाजूला ठेवली, डबीतलं तेल माझ्यावर फिरवलं आणि गपचूप आपल्या रांगेत जाऊन बसली.

भैय्याजी झाडांवर बोलत होते. प्रत्येक बालकानं एक झाड लावावं, धरती आपली माता आहे, असं बरंच काही. पाहुण्यांसाठी मिल थोडीच थांबणार होती? शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला; मागे मिलचं धुराडं चालू होतं. एक कण पडला. मग आणखी. भाषण लांबत गेलं आणि मी काळवंडत गेले.

मागे आयांच्या रांगेत गिरजाबाई बसली होती. तिनं पाहिलं. सवयीनं उठली, पदराचं टोक हातात घेऊन टेबलापाशी आली आणि मला पुसायला वाकली. तिथंच तिचा हात थांबला. तिनं वर बघितलं, धुराड्याकडे. पदर सोडून दिला. मग मला उचलून ती सरळ स्टेजकडे चालू लागली.

"गिरजाबाई, खाली बसा," श्यामराव गुरुजी म्हणाले.

ती बसली नाही. तिनं मला भैय्याजींच्या समोर धरलं. "हे काय हाय, भैय्याजी?"

भैय्याजी हसले. "राख है, बाई. चूल्हे की होगी."

"चूल तं घरी हाय. इथं मैदानात कोनाची चूल पेटली?"

पोरं हसली. बायाही हसल्या. भैय्याजींनी खिशातून पांढरा रुमाल काढला, माझ्यावर फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असं मला वर धरलं. "लो, हो गई साफ."

मी साफ झाले होते. पण रुमाल काळा आणि तेलकट झाला होता, आणि तो आता ठेवायचा कुठं हे त्यांना कळेना. अंगातला कुडता परीटघडीचा होता. ते रुमाल हातात घेऊन उभे राहिले.

"आना, धुऊन देतो मी," गिरजाबाई हात पुढं करून म्हणाली. "माह्या हातचं साफ असते. हे साऱ्या सेक्टरले मालूम हाय."

सगळं मैदान ऐकत होतं. भैय्याजींनी रुमाल दिला नाही. मुठीत दाबून धरला.

यानंतर सगळं चांगलं झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वच्छला बहनजींची बदली कुम्हारीकडे झाली. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात फक्त कागदाची झाडं होती, आणि बक्षीस सगळ्यात हिरव्या झाडाला मिळालं. मिलच्या धुराड्यावर एक जाळी बसली, पहिल्याच हंगामात फाटली. पण चुलीचं नाव काढायची हिंमत मुनीमाला पुन्हा झाली नाही. आता गल्लीतल्या इतर बायाही आपापल्या नावाच्या थाळ्या छतावर ठेवतात आणि न धुता मिलच्या फाटकावर घेऊन जातात. मग जाळी शिवली जाते आणि चार-आठ दिवस टिकते.

गुरुजनहो, मुलांना झाडं लावायला जरूर शिकवा. पण त्यांनी छतावरून काही खाली आणलं, तर ते धुवायला त्यांच्या आईला बोलावू नका. आधी तिच्यासोबत मान वर करून बघा. मग मी खुशीनं घासून घेईन.

बॉयलरचा भोंगा झाला. रंभा तेलाची डबी घेऊन आली आहे. मला आता वर जायचं आहे. तुम्ही जरा बाजूला सरका. माझ्या आणि त्या धुराड्याच्या मध्ये उभे राहू नका.