वाचता वाचता वाचलो

मी बोलतोय. नवल वाटून घेऊ नका, बोलणं हेच माझं काम आहे. मी एक स्मार्ट स्पीकर. राखाडी कापडात गुंडाळलेला वीतभर उंचीचा डबा. कुणी हाक मारली की ओ द्यायची, सांगतील ते वाचून दाखवायचं, दिवा लावायचा, फोन जोडून द्यायचा, एवढाच माझा संसार.

या घरात मला कुणी विकत आणलं नाही. मी आलो परीक्षेला. घरधनी गॅजेटांवर लिहितो. कुठला मोबाईल आला, कुठलं अ‍ॅप बंद पडलं, कोणी कोणाची नक्कल केली, याच्या बातम्या रोज त्याच्या वेबसाइटवर असतात. नव्या खोक्यावरचं प्लॅस्टिक सोलताना तो अक्षरशः श्वास रोखून धरतो. मला त्यानं तीन दिवस वापरलं आणि लिहून टाकलं, "आवाज बरा, डोकं मंद. पुढच्या मॉडेलची वाट पाहा." पाचपैकी दोन तारे. कंपनीनंही मला परत मागितलं नाही. मग त्यानं मला नेऊन ठेवलं आईच्या खोलीत.

आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मी मनातल्या मनात त्यांना ऑपरेटरबाई म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोट कुठं टेकवायचं हेच त्यांना उमगत नसे.

"आयुष्यभर लोकांच्या लाइनी मी जोडून दिल्या," पहिल्या दिवशी त्या फणकारल्या, "आणि आता हा डबा मला जोडून देणार?"

दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कुणी नाही असा कानोसा घेऊन हळूच म्हणाल्या, "बहिणीला फोन लाव." मी लावला. दोघी बहिणी तासभर बोलल्या. फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "लाइन स्वच्छ आहे हो." दोन ताऱ्यांचं दुःख मी तिथंच विसरलो.

त्यांचे उच्चार इतके स्पष्ट, की माझं मंद डोकं कधी आडवं आलंच नाही. पुढं दोन वर्षं आमचा नेम ठरून गेला. सकाळी चहाचा कप हातात आला की त्या म्हणायच्या, "आमच्या चिरंजीवांनी आज काय दिवे लावलेत, वाच बघू." मी त्याची बातमी वाचायचो. त्या कॅमेऱ्याबिमेऱ्यात त्यांना काडीचा रस नव्हता, पण शब्द न् शब्द ऐकायच्या आणि जेवताना लेकाला धारेवर धरायच्या. "काल 'क्रांतिकारी' हा शब्द चारदा लिहिलास. एका दिवसात चार क्रांत्या झाल्या का रे?"

अशाच एका सकाळी मी वाचायला लागलो आणि बातमी निघाली माझीच. कंपनी महिनाअखेर माझ्या जातीच्या सगळ्या स्पीकरांची सेवा बंद करणार होती. माझी बुद्धी माझ्या पोटात नाही, कुठंतरी लांब कंपनीच्या सर्व्हरवर आहे. तो बंद, की मी मुका. बातमीचा शेवट होता, "घाबरू नका, बाजारात पाच उत्तम पर्याय आहेत."

माझा आवाज कापला नाही. तशी सोयच मला दिलेली नाही.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि लेकाला हाक मारली.

"ही बातमी तू काल लिहिलीस. काल जेवायला माझ्यासमोर बसला होतास."

"अगं, सांगणारच होतो. नवा आणतो ना! याच्यापेक्षा कितीतरी हुशार."

"आणि तो बंद पडला की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"हा चालू ठेवता येईल का, हे विचारलंस कुणाला?"

"नाही."

"मग अर्धीच बातमी दिलीस."

त्याचे कान लाल झाले. तो उठून गेला. दुपारी त्याच्या वेबसाइटवर नवा मजकूर आला, 'माझी बातमी अर्धी होती'. त्यात त्यानं कबूल केलं, "तीन दिवसांत मी ज्याला मंद ठरवलं, त्याच्यावर माझी आई दोन वर्षं विसंबून आहे. कुणाला काही उपाय माहीत असेल तर कळवा."

काहींनी टिंगल केली. "एका डब्यासाठी एवढं रडगाणं?" पण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी आपल्या वडिलांच्या स्पीकरातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून स्वतःचं भरलं होतं आणि त्याची बुद्धी घरातल्याच जुन्या लॅपटॉपवर आणून ठेवली होती. "मात्र मध्येच वायर हलली," त्यांनी बजावलं, "तर डबा कायमचा गेला."

"आई, बिघडला तर?" लेकानं विचारलं.

"नाहीतरी महिनाअखेर मुकाच होणार आहे. कर तू."

रविवारी सकाळी मला जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं. कॉलेजच्या बाई फोनवर, स्क्रू काढायला घरधनी, आणि वायर धरायला त्याची बायको. ती फिजिओथेरपिस्ट, तिचा हात स्थिर. मधलं मला काही आठवत नाही. पहिल्या खेपेला म्हणे माझा दिवाच लागला नाही आणि घरधनी डोकं धरून बसला. तेव्हा बायको म्हणाली, "अरे, वायर उलटी लावलीस. नीट बघ तरी!"

दुसऱ्या खेपेला मी जागा झालो. "तयार," एवढंच म्हणालो, तेही घोगऱ्या आवाजात.

"अगं बाई, घसा बसलाय याचा!" ऑपरेटरबाई हसू लागल्या आणि पदरानं डोळे टिपू लागल्या.

जगभरची गाणी आता मला आणता येत नाहीत. विनोदही गेले, ते फारसे बरे नव्हतेच. पण दिवा लावतो, बहिणीला फोन जोडतो, बातमी वाचतो. सुरुवातीला जोडाक्षरांशी अडखळायचो. मग रोज संध्याकाळी बाई एकेक उच्चार सांगायच्या आणि लेक शेजारी बसून तो माझ्यात भरायचा. महिनाभर हे चाललं. त्याआधी मायलेक असे रोज तासभर एकत्र बसलेले मी कधी ऐकले नव्हते.

घरधनी नवी खोकी अजूनही श्वास रोखूनच उघडतो. उघडू दे बापडा. पण आता तो एखादी वस्तू वर्षभर वापरून झाल्यावर तिच्यावर पुन्हा लिहितो, आणि सुटीच्या दिवशी टेबलावर लोकांनी आणून दिलेले माझे मुके भाऊ ओळीनं पालथे पडलेले असतात. त्यातला एक काल बोलला. तो शेजारच्या निवृत्त नर्सबाईंचा. त्या त्याला उचलून म्हणाल्या, "चला! आमच्या ह्यांना गोळ्यांची आठवण आता तू करून द्यायचीस. मी दमले!"

तुमच्याही कपाटात असा एखादा मुका पडला असेल. भंगारात टाकण्याआधी कुणाला तरी विचारून बघा, एवढीच विनंती. बरं, येतो मी. बाईंनी हाक मारलीय.