पहिल्या पानावरचा मासा

कुमार सबनीसांनी न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलं. एखादं दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं, तर समोरच्याला रडवून सोडायचे. अशा माणसाने खोटा आकडा लिहावा, आणि तोही पोटच्या पोरीच्या वहीत! बुद्धी फिरली, दुसरं काय म्हणायचं?

त्यांची लेक मोना मेन राज्यात समुद्रातून नदीत येणाऱ्या माशांची नोंद ठेवायची. "डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, मासे मोजते," हे न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्रांना सांगताना पूर्वी त्यांची जीभ अडखळायची. यंदा मात्र ते आणि सुनेत्राबाई वसंतात दोन महिने तिच्याकडे राहायला आले, आणि चौथ्याच दिवशी कुमारराव स्वतः नदीकाठी खुर्ची टाकून बसले.

मासा एलवाइफ नावाचा, चंदेरी, वीतभराहून जरा मोठा. आपल्याकडच्या भिंग माशाचा चुलतभाऊ म्हणा. वाढतो थंडगार समुद्रात, पण अंडी घालायला वरच्या गोड्या तळ्यात येतो. वाटेत बांध आहे, म्हणून बाजूने पाण्याच्या पायऱ्या केलेल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर पाण्याखाली पांढरी फळी. तिच्यावरून दहा मिनिटांत किती मासे गेले ते पाहायचं आणि लिहायचं.

एकोणीस एप्रिलला मोनाने कोरी करकरीत वही हातात दिली. कुमाररावांनी वर 'श्री' काढलं आणि दहा मिनिटं डोळे फाडून पाहिलं. एक मासा दिसेल तर शपथ! आता नव्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत भोपळा लिहायचा? हात धजेना. त्यांनी शुभ म्हणून लिहिलं, एक. एका माशाने काय आभाळ कोसळणार होतं? पुढच्या सगळ्या ओळींत मात्र त्यांनी इमानेइतबारे शून्यं लिहिली.

आभाळ तिसऱ्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी कोसळलं. मोना वही घेऊन नाचतच आत आली.

"बाबा! नाइन्टीन्थ एप्रिल! एकतीस वर्षांच्या रेकॉर्डमधला सगळ्यात अर्ली मासा! आपल्या नदीत मेच्या आधी कधी आलेलेच नाहीत. समुद्र वॉर्म होतोय, त्याचा प्रूफच आहे हा. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी हेच प्रेझेंट करणार. अँड इट्स युअर फिश!"

कुमाररावांनी तोंडाशी नेलेला पोह्यांचा चमचा परत बशीत ठेवला. मोना आंघोळीला गेल्यावर त्यांनी सुनेत्राबाईंपाशी सगळं ओकून टाकलं.

"मला काय सांगताय? जिच्या वहीत लिहिलंत तिला सांगा."

"अगं, ती मला परत तिथे बसू देणार नाही."

"नका बसू मग. तिची चारचौघांत शोभा झालेली चालेल?"

नाही चालणार. ती खुर्ची त्यांना जिवापाड आवडली होती. त्याहून वाईट म्हणजे, लेकीने जन्मात पहिल्यांदा त्यांच्या कामाचं एवढं कौतुक केलं होतं आणि ते काम खोटं होतं. कुमाररावांना स्वतःची लाज वाटली. मोना केस पुसत बाहेर आली तशी त्यांनी सांगून टाकलं, "मोना, तो मासा आलाच नव्हता. पहिल्या पानावर शून्य बरं दिसत नाही, म्हणून…"

"बाबा, शून्य इज डेटा! झीरो म्हणजे मी पाहिलं, आणि मासा नव्हता. यू, ऑफ ऑल पीपल!"

त्यांनी त्या एकावर रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं, खाली सही केली. मोनाने वही ओढून घेतली आणि रेघ, शून्य, सही नीट तपासली.

"उद्या सातला तुमचीच शिफ्ट आहे," ती म्हणाली. "आणि वर गेलेला मासा परत खाली आला तर एक मायनस. ओके?"

मग बारा दिवस कानटोपी, थर्मासमधला चहा आणि शून्य. मीटिंगमध्ये मोनाने त्या नदीविषयी चकार शब्द काढला नाही.

मेच्या चार तारखेला सकाळी पांढऱ्या फळीवर काहीतरी चमकलं. मासा! खराखुरा, अंगठ्याच्या नखाएवढ्या डोळ्याचा! कुमारराव ताडकन उभे राहिले. मासा फळी ओलांडून वर गेला, क्षणभर थबकला, वळला आणि सरळ खाली घसरला.

"अरे थांब की मेल्या!"

दहा मिनिटं संपली. कुमारराव पेन धरून बसले. हा तर खरंच आला होता, देवाशपथ आला होता. पण वर एक, खाली एक. त्यांनी ठसठशीत शून्य लिहिलं आणि सही करायला मान खाली घातली, तेवढ्यात खालच्या पायरीकडे लक्ष गेलं. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्यांनी फोन लावला.

"मोना, आज झीरो."

"ओके, बाबा."

"एक वर गेला आणि परत आला, म्हणून झीरो. पण तू अशीच नीघ. खालचं पाणी काळं झालंय माशांनी. फळीवर नाहीत अजून, म्हणून लिहिले नाहीत. ये लवकर!"

'नक्की ना?' असं पलीकडून कुणी विचारलं नाही. धाडकन गाडीचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला.