कबुलीची तीन मिनिटे

देवाच्या सेवेत येण्यापूर्वी पाळकसाहेब अकरा वर्षे एका कारखान्यात फिटर होते, आणि तंत्रनिकेतनात शिकलेला एक नियम त्यांनी अंगावर झगा चढल्यावरही सोडला नव्हता. कोणत्या यंत्राचे बेअरिंग वाजते आहे हे शोधायचे, तर आधी आजूबाजूची सगळी यंत्रे बंद करायची. उपासनेतही त्यांचा हाच शिरस्ता होता. गीत झाले, शास्त्रवाचन झाले, की ते म्हणत, “आता ज्याची त्याची कबुली,” आणि घड्याळ हातात धरून तीन मिनिटे पूर्ण शांतता पाळत. वाद्य नाही, पुटपुटणे नाही. त्यांचे निरीक्षण असे, की पहिल्या मिनिटात माणसाला गॅसवर राहिलेले दूध आठवते, दुसऱ्यात शेजारच्या बाकावरच्याची पापे आठवतात, आणि तिसऱ्यात निरुपाय होऊन तो स्वतःकडे वळतो. म्हणून तीन. अडीचवर त्यांनी कधी तडजोड केली नव्हती.

या तीन मिनिटांवर गुरुवारी कमिटी बसली. सेक्रेटरीसाहेबांनी विषय मांडला तो उपासनेच्या थेट प्रक्षेपणाचा. बाहेरगावचे लोक फोनवर उपासना पाहतात, शांतता सुरू झाली की त्यांना वाटते संपर्क तुटला, आणि ते निघून जातात. तेव्हा संगीतशिक्षिकाबाईंनी त्या वेळात कीबोर्डवर काहीतरी हळुवार वाजवावे. बाकीच्या पाच जणांनी माना डोलावल्या. खरे कारण सातही जणांना ठाऊक होते. मागच्या रविवारी तिसऱ्या मिनिटाला सेक्रेटरींच्या पत्नी मोठ्याने रडल्या होत्या. ज्या बाईचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर कधी कुणी ऐकला नव्हता, तिचा हुंदका भिंतीवरच्या माइकने उचलला आणि नात्यातल्या घराघरांत पोचवला. एकुलत्या एका मुलीने चार वर्षांपूर्वी वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, तेव्हापासून त्या घरात तिचा विषय बंद होता. सोमवारपासून सेक्रेटरींना नातेवाइकांचे फोन येत होते.

“विषय प्रक्षेपणाचा आहे की वहिनींचा?” पाळकसाहेबांनी विचारले.

“देवाच्या घरात तमाशा नको, एवढंच म्हणणं आहे.”

“बाप्तिस्म्याला पोर रडतं ते चालतं. लग्नात लोक खिदळतात तेही चालतं. कबुलीच्या वेळी कुणी रडलं की तो तमाशा? मग ती वेळ ठेवली कशाला, कपड्यांची इस्त्री बघायला?”

सेक्रेटरींचे कपडे नेहमीच कडक इस्त्रीचे असत. मतदान झाले. सहा विरुद्ध एक. उठताना सेक्रेटरींनी सहज सांगितल्यासारखे सांगितले, की पाळकांच्या नेमणुकीची मुदत याच महिन्यात संपते आहे.

घरी पाळकीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, आधी भांडी बांधू की पुस्तके? भांडी लागतील, पुस्तके बांधा, असे पाळकसाहेब म्हणाले. मागच्या बदलीतली दोन खोकी अजून सोडलेलीच नाहीत, तेवढे काम वाचले, असे म्हणून त्या दोरी शोधायला गेल्या.

माघार घ्यायची नाही हे ठरले होते; प्रश्न फक्त रीतीचा होता. शिक्षिकाबाईंना वाजवू नका म्हणून सांगायचे, तर कमिटीचा राग त्यांच्यावर निघणार. आणि बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार. पाळकसाहेबांनी एकच खूणगाठ बांधली. शांतता कुणाकडून हिसकावून घ्यायची नाही, पण तिच्याशिवाय पुढेही जायचे नाही.

रविवारी सेक्रेटरी पुढच्या बाकावर एकटेच होते. पत्नीला त्यांनी घरी विश्रांती घ्यायला सांगितले होते. ती आली, आणि चौथ्या बाकावर भिंतीकडेला बसली. कबुलीची वेळ झाली, कीबोर्ड सुरू झाला. पाळकसाहेब वेदीच्या पायऱ्या उतरून खाली आले.

“तीन मिनिटं मी वाद्य थांबल्यावर मोजायला घेईन,” ते म्हणाले. “बाईंनी सावकाश वाजवावं.”

आणि ते घड्याळ हातात धरून उभे राहिले. बाईंनी एक गीत वाजवले, दुसरे वाजवले. कुणीतरी खोकले. तिसरे संपत आले तरी पाळकसाहेब जागचे हलले नाहीत. शिक्षिकाबाईंना चौथे काय घ्यावे ते सुचेना, तेव्हा वर्षानुवर्षांच्या सवयीची बोटे आपोआप जिथे गेली ते सूर उमटले. नवरी देवळात पाऊल टाकते तेव्हाची धून होती ती. मागे एकजण फिसकन हसला. चौथ्या बाकावरच्या बाईने मात्र मान वर करून दाराकडे पाहिले. ही धून तिच्या लेकीसाठी इथे वाजली नव्हती. काय झाले हे शिक्षिकाबाईंच्या ध्यानात आले आणि त्यांनी चटका बसल्यासारखे हात उचलले.

पाळकसाहेबांनी घड्याळाचे बटण दाबले.

पहिले मिनिट सरले. दुसऱ्यात सेक्रेटरींच्या पत्नी रडू लागल्या, तोंडाला पदर न लावता. सेक्रेटरींनी पुढून कीबोर्डकडे हात केला, वाजवा. शिक्षिकाबाईंनी तो हात नीट पाहिला, खाली वाकून प्लग काढला आणि हाताची घडी घालून बसल्या. तीन मिनिटे पुरी झाल्यावर पाळकसाहेबांनी क्षमेचे वचन वाचले. दर रविवारी वाचत त्याच आवाजात, एकही शब्द न वाढवता.

उपासनेनंतर त्यांच्या खोलीत सहाही जण हजर होते. सेक्रेटरींनी नोंदवही उघडून ठेवली होती.

“राजीनामा द्या, पाळकसाहेब. सगळ्यांनाच सोपं जाईल.”

“सोपं करायला मी आलेलो नाही. राजीनामा मिळणार नाही. काढायचं असेल तर काढा, पण वहीत कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहा, खाली मी स्वतः सही करतो.”

सेक्रेटरींनी ‘शिस्तभंग’ असे लिहिले. कोणती शिस्त, असे पाळकसाहेबांनी विचारले. ठरावाची, असे उत्तर आले. वाजवायचा ठराव होता, बाईंनी तीन गीते आणि वर चौथे अर्धे वाजवले, मग भंग कुठे झाला, असा त्यांचा पुढचा प्रश्न. सेक्रेटरींनी शब्दावर रेघ मारली.

“कारण मी सांगते, लिहून घ्या.”

सेक्रेटरींच्या पत्नी दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले, आवाज खणखणीत.

“सेक्रेटरींची बायको लेकीच्या आठवणीनं रडली, आणि पाळकांनी तिला रडू दिलं. अहो, लिहा ना. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

कमिटीतले एक वयस्क सभासद छताचा पंखा न्याहाळू लागले. पाळकसाहेबांनी आपली खुर्ची बाईंसाठी पुढे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. बाई बसल्या, पदर सारखा केला, आणि नवऱ्यापुढच्या वहीत डोकावून म्हणाल्या, “तारीख घातलीत का?”